विमानं वाढली की वारा फिरला?

दिवाळी झाली की बेळगावच्या शहापूर, वडगाव, टिळकवाडी भागात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हल्ली विमानं फार वाढलीत." जून-जुलैत तेच लोक म्हणतात, "पावसात विमानं येतच नाहीत वाटतं." दोन्ही वाक्यांत थोडं तथ्य आहे आणि बराचसा गैरसमज. बेळगावच्या आभाळात किती विमानं आहेत आणि त्यांतली किती आपल्या डोक्यावरून जातात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर वेळापत्रकात मिळतं, दुसऱ्याचं मुख्यतः वाऱ्यात.

सुरुवात धावपट्टीपासून करू. सांबरा म्हणजे बेळगावचा विमानतळ; त्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिचं एक टोक ०८ आणि दुसरं २६. हे आकडे होकायंत्राच्या अंशांतला शेवटचा शून्य काढून घेतलेले असतात. २६ म्हणजे विमानाचं नाक साधारण २६० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेला; ०८ म्हणजे साधारण ८० अंश, पूर्वेला. धावपट्टीची लांबी २,३०० मीटर आहे. मोबाइलच्या नकाशावर सांबऱ्याची धावपट्टी शोधा, अंतर मोजायची सोय उघडा आणि धावपट्टीच्या रेषेतच पश्चिमेकडे रेघ वाढवत न्या. ती बेळगाव शहराच्या दक्षिण भागावरून, शहापूर-वडगावच्या आसपासून जाते. पूर्वेकडे वाढवली तर मारीहाळच्या बाजूला जाते. आपलं घर या रेघेपासून किती दूर आहे, ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या नोंदींचा पाया हाच.

विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उडतं, कारण त्यामुळे जमिनीवरचा वेग कमी लागतो आणि धावपट्टी कमी पुरते. बेळगावात जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा आणि जोरदार असतो. मग विमानं मारीहाळच्या बाजूने येऊन २६ वर उतरतात आणि उडताना शहराच्या दिशेने जातात. ऑक्टोबरपासून वारा पूर्व-ईशान्येकडे फिरतो. तेव्हा, विशेषतः सकाळी, ०८ वापरायची पाळी येते आणि उतरणारी विमानं शहरावरून येतात. फेब्रुवारीनंतर दुपारी पश्चिमेचा वारा पुन्हा डोकं वर काढतो, त्यामुळे एकाच दिवशी सकाळी एक दिशा आणि दुपारी दुसरी, असंही होतं. वारा अगदी मंद असेल तर नियंत्रण कक्ष सोयीची दिशा देऊ शकतो. म्हणून नोंदीत अपवाद सापडले तर गोंधळून जाऊ नका.

उतरणारं विमान शेवटच्या टप्प्यात साधारण ३ अंशांच्या उताराने येतं. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली. शहापूर भाग धावपट्टीच्या टोकापासून अंदाजे १० किलोमीटर धरला, तर सरळ रेघेत येणारं विमान तिथे जमिनीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असायला हवं. निम्म्या अंतरावर सुमारे २६० मीटर. एटीआरसारखं छोटं विमान स्वच्छ हवेत जवळून वळून रेघेत येऊ शकतं. मग ते तुमच्या घरावरून न जाता दोन गल्ल्या सोडून गेल्यासारखं दिसतं. उडणारं विमान १० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत बरंच वर गेलेलं असतं आणि अनेकदा वळलेलंही. म्हणूनच पावसाळ्यात शहरावर तेवढ्याच विमानांचा त्रास कमी वाटतो.

हिवाळ्यात आवाज वाढण्याला आणखी एक कारण आहे आणि ते फारसं कुणी लक्षात घेत नाही. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते. अशा थरात आवाजाच्या लाटा वर निघून न जाता जमिनीकडे वाकतात. सांबऱ्याला इंजिन तापवत उभं असलेलं विमानही मग गावात ऐकू येतं. ऊन चढलं, थर मोडला की तोच आवाज गायब. शिवाय पावसाळ्यात खिडक्या बंद, पत्र्यावर सरींचा आवाज, वर ढगांचं छत. कार्तिकात हे तिन्ही एकदम हटतात.

आता खरी वाढ कुठे असते तेही पाहू. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. म्हणजे वारा फिरतो त्याच सुमाराला वेळापत्रकही फिरतं आणि दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात. दुसरी वाढ प्रशिक्षणाच्या विमानांची. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले. त्यांत आपलं बेळगाव होतं, शेजारच्या राज्यातलं जळगाव होतं आणि कलबुर्गीही. शिकाऊ वैमानिकाला स्वच्छ हवा लागते, म्हणून पावसाळा संपताच ही उड्डाणं खरोखरच वाढतात.

शिकाऊ विमान ओळखायला अवघड नाही. छोटं, एका इंजिनाचं, पुढे पंखा, आवाज एकसुरी. ते धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारतं, उतरतं, चाकं टेकवतं आणि न थांबता पुन्हा उडतं. फेरीची उंची सहसा जमिनीपासून १,००० फूट आणि एका फेरीला सहा-आठ मिनिटं. इथे मोजणीत सर्वांत मोठी चूक होते. एकाच विमानाच्या आठ फेऱ्या म्हणजे आठ विमानं नव्हेत. नोंद करताना "१ विमान, ८ फेऱ्या, ७.१० ते ८.०५" असं लिहा. अर्ज द्यायची वेळ आली तर हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण वेळापत्रकातली उड्डाणं आणि प्रशिक्षणाच्या फेऱ्या यांचा विचार वेगवेगळा होतो.

उंचावरून जाणारी विमानं हा तिसरा प्रकार. सांबऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. हैदराबादहून गोव्यातल्या मोपाला सरळ रेघ ओढली तर ती जवळजवळ बेळगाव शहरावरूनच जाते. बेंगळुरू-मोपा रेघ लोंढा-दांडेलीच्या बाजूने आणि मुंबई-बेंगळुरू रेघ अथणी-रायबागच्या बाजूने. प्रत्यक्ष मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून जातात आणि हवेनुसार बदलतात, पण रेघेचा अंदाज उपयोगी पडतो. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तो शहरापासून सरळ रेघेत सत्तरेक किलोमीटरवर आहे. ३ अंशांचा हिशेब लावला तर मोप्याला निघालेलं विमान बेळगाववर असतानाच समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या जमिनीपासून ३,००० मीटरवर येतं. मुंबईहून बेंगळुरूला जाणारं विमान १० किलोमीटरवर असतं. खानापूर-जांबोटी भागात "मोठी विमानं खाली येऊ लागलीत" असं वाटण्यामागे बहुतेक वेळा हा गोव्याचा उतार असतो. निपाणीकडच्यांनी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा हिशेब याच पद्धतीने मांडावा.

विमान नजरेने शोधताना आवाजाच्या मागे लागू नका. १० किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला सुमारे ३० सेकंद लागतात. तेवढ्यात विमान सात किलोमीटर पुढे निघून जातं. आवाज थेट डोक्यावरून येतोय असं वाटलं तर विमान त्याच्या प्रवासाच्या दिशेने ३५-४० अंश पुढे शोधा. अंतराचा अंदाज घ्यायला हात पूर्ण लांब करा; करंगळीची रुंदी साधारण १ अंश भरते. एअरबस ए३२० ची लांबी ३७.६ मीटर. ते करंगळीएवढं दिसलं तर सुमारे २ किलोमीटरवर आहे. एटीआर ७२ ची लांबी २७ मीटर, ते तेवढंच दिसलं तर दीड किलोमीटरवर. एटीआरचे पंख धडाच्या वर असतात आणि दोन्ही इंजिनांना सहा-सहा पात्यांचे पंखे. एम्ब्रेअर १७५ ला पंखांखाली दोन जेट इंजिनं, तर एम्ब्रेअर १४५ ची इंजिनं शेपटीजवळ. रात्री डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्या टोकाला हिरवा. लाल तुमच्या उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसत असेल तर विमान तुमच्याकडे येतंय. लुकलुक नसलेला, स्थिर प्रकाशाने सरकणारा ठिपका बहुधा उपग्रह असतो.

विमानं नकाशावर दाखवणारी फ्लाइटरडार२४ सारखी मोबाइल ॲप्स आता सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या आकड्यांत मात्र तीन ठिकाणी फसायला होतं.

सर्वांत जास्त फसवते ती उंची. ॲपमधली उंची तुमच्या घरापासून मोजलेली नसते आणि खऱ्या अर्थाने समुद्रसपाटीपासूनही नसते. विमान हवेचा दाब मोजतं आणि समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असं गृहीत धरून उंची सांगतं. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे २,४९० फुटांवर आहे. समजा जुलैच्या एका सकाळी ॲपवर ३,५०० फूट दिसले आणि त्या दिवशी समुद्रसपाटीचा दाब १००६ होता. दाबातला फरक सुमारे ७. दर हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरले तर २०० फूट वजा, म्हणजे ३,३००. त्यातून जमिनीचे २,४९० वजा केले की उरतात ८०० फूट. ३,५०० वाचून "बरंच उंच आहे" म्हणणारा आणि ८०० ऐकून चमकणारा, दोघेही एकाच विमानाबद्दल बोलत असतात. नोंदवहीत ॲपचा आकडा आणि त्या वेळचा दाब असे दोन्ही लिहा, वजाबाकी नंतर करता येते.

दाब आणि वारा मिळतात विमानतळाच्या हवामान संदेशात, ज्याला मेटार म्हणतात. सांबऱ्याचं सांकेतिक नाव व्हीओबीएम. संदेशात "२६०१२केटी" असं दिसलं तर वारा २६० अंशांकडून, वेग १२ नॉट. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वारा जिकडून येतो ती दिशा लिहितात, जिकडे जातो ती नव्हे. क्यू अक्षरानंतरचे चार आकडे म्हणजे समुद्रसपाटीवर आणलेला दाब. दुसरी फसगत वेळेची: ती जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०५३० म्हणजे आपले सकाळचे अकरा. ॲपच्या जुन्या नोंदींमध्येही वेळ तशीच असू शकते आणि इथे रात्रीच्या विमानांची तारीखच चुकते.

तिसरी फसगत म्हणजे न दिसणारी विमानं. ॲपवर नाही म्हणजे आभाळात नाही, असं नाही. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि लष्करी विमानं आपली जागा सगळ्यांना सांगतीलच असं नाही. काही छोट्या विमानांवर जागा सांगणारं यंत्र नसतं, फक्त ओळख सांगणारं असतं. अशा विमानाची जागा काढायला तोच संदेश किमान चार वेगवेगळ्या ठिकाणच्या ग्राहकयंत्रांनी ऐकावा लागतो. मग पोहोचण्याच्या वेळेतल्या सूक्ष्म फरकांवरून जागा मोजता येते. आसपास यंत्रं कमी असतील तर विमान अर्धवट दिसतं, उड्या मारतं किंवा अंदाजाने सरळ रेघेत पुढे सरकवलेलं असतं. सरळ रेघेत, एकाच वेगाने, कुठेही न वळता धावपट्टी ओलांडून गेलेलं चिन्ह दिसलं तर त्यावर विसंबू नका.

जागा सांगणाऱ्या यंत्रणेला एडीएस-बी म्हणतात. विमान उपग्रहांवरून आपली जागा काढतं आणि १,०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा ती मोकळ्या हवेत सोडतं. सोबत २४ बिटांची स्वतःची ओळख असते. भारतात नोंदलेल्या विमानांची ओळख ८०, ८१, ८२ किंवा ८३ ने सुरू होते. त्यामुळे ॲपवर नाव-नंबर नसला तरी विमान आपल्याकडचं की परदेशी, ते कळतं.

गल्लीतल्या दोन-चार जणांना किंवा एखाद्या शाळेला स्वतःचं ग्राहकयंत्र लावायचं असेल तर आधी परवानगीची बाजू नीट समजून घ्या. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेल्या माणसाला सोबत घेणं उत्तम; हा परवाना दूरसंचार विभाग देतो. नियंत्रण कक्ष आणि वैमानिक यांचं बोलणं परवान्याशिवाय ऐकायच्या भानगडीत पडू नका. विमानतळाच्या कुंपणाजवळ फोटो काढणं, ड्रोन उडवणं आणि लष्करी हालचालींची माहिती पसरवणं तर पूर्णपणे टाळा.

साहित्य थोडं आहे: रास्पबेरी पाय ३ किंवा ४ हा छोटा संगणक, त्याचा मूळचा चार्जर, ३२ जीबीचं चांगलं मेमरी कार्ड, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ), केबल आणि अँटेना. अँटेना घरी होते. १,०९० मेगाहर्ट्झची लहर २७.५ सेंटिमीटरची, तिचा चौथा भाग ६.९ सेंटिमीटर. चौकोनी पट्टीचा, चार कोपऱ्यांना भोकं असलेला एन-टाइप सॉकेट घ्या. मधल्या टोकाला दीड-दोन मिलिमीटर जाडीची एकसंध तांब्याची तार उभी डाखवा आणि पट्टीच्या वर ६.९ सेंटिमीटर ठेवून कापा. चार कोपऱ्यांना त्याच तारेचे सुमारे सात सेंटिमीटरचे तुकडे स्क्रूने आवळून ४५ अंश खाली वाकवा. खालचे तुकडे थोडे लांब झाले तरी चालतात. उभी तार मात्र मिलिमीटरपर्यंत मोजा. घराच्या वायरिंगची गुंफलेली तार वापरू नका, वाऱ्याने वाकते आणि माप बिघडतं.

केबलमध्ये लोक पैसे वाया घालवतात. बारीक काळी आरजी-५८ या वारंवारतेला मीटरमागे सुमारे ०.६ डेसिबल खाते. १० मीटर लावली तर तीन चतुर्थांश ताकद वाटेतच संपते. डिश टीव्हीवाल्याकडची आरजी-६ त्याच्या एक तृतीयांशच खाते आणि स्वस्त असते. जोडायला एन-टू-एफ अडॅप्टर लागतो. केबल आखूड ठेवायची असेल तर यंत्रच वर, सावलीत न्या. पत्र्याच्या शेडखाली अँटेना ठेवणं व्यर्थ. पत्रा रेडिओलहरी अडवतो.

यंत्रावर संदेश उलगडणारा रीडएसबी हा प्रोग्राम आणि नकाशासाठी टार१०९० टाका. मग ग्रहणशक्ती जुळवा. ती कमाल ठेवली तर दूरची विमानं दिसतात, पण सांबऱ्याला उतरणारं जवळचं विमानच गायब होतं, कारण जोरदार संदेशाने डोंगल बधिर होतं. आकडेवारीत -३ डीबीएफएसपेक्षा (या मोजपट्टीवर ० म्हणजे डोंगलची कमाल) जोरदार संदेश ५ टक्क्यांच्या आत येईपर्यंत शक्ती एकेक पायरी खाली आणा. जवळ मोबाइलचा टॉवर असेल आणि संदेश अचानक फार कमी येत असतील तर १,०९० चा फिल्टर लावा.

पल्ला किती मिळेल? अडथळा नसेल तर उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. अँटेना आणि विमान दोघांचं काढून बेरीज करायची. १० मीटरवरची अँटेना १३ किलोमीटर देते. १० किलोमीटर उंच विमान ४१२. मिळून सव्वाचारशे, म्हणजे कागदावर मुंबईपर्यंत. प्रत्यक्षात पश्चिमेला सह्याद्री आडवा येतो. मोप्याला उतरणारं विमान घाट ओलांडून खाली गेलं की बेळगावच्या यंत्राला ते दिसत नाही. पूर्वेकडे, गोकाक-बैलहोंगलच्या सपाटीवर, तसा अडथळा नसतो. म्हणून आठवड्याभराने नकाशावर पल्ल्याची आकृती पश्चिमेकडे चेपलेली दिसली तर अँटेना उतरवू नका, ती बरोबर आहे.

बिघाड मुख्यतः आपल्या हवेचे आणि विजेचे. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, गडगडाट सुरू झाला की केबल यंत्रापासून काढून ठेवा. खांबाला अर्थिंग असलं तरीही. सॉकेटवर आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळतं. बेळगावच्या पावसात उघडा जोड एक हंगामही टिकत नाही. लाइट गेली की मेमरी कार्ड बिघडतं, विशेषतः नोंद लिहिली जात असतानाच गेली तर. छोटा यूपीएस लावा किंवा तयार कार्डाची एक प्रत जवळ ठेवा. यंत्र चालू असूनही विमानं तुटक दिसत असतील तर आधी चार्जर तपासा. मोबाइलचा चार्जर लावल्याने व्होल्टेज पडतं आणि डोंगल मधूनमधून झोपतं.

यंत्र नसलं तरी वही पुरेशी आहे. रकाने हे: तारीख आणि वेळ, कुठून कुठे, प्रकार, उतरतंय की चढतंय, ॲपवरची उंची, दाब, वारा, फेऱ्या. रोज दिवसभर बसायची गरज नाही. सकाळचा एक ठरलेला तास आणि संध्याकाळचा एक, आठवड्यातले तेच चार दिवस. मोबाइलवरचा डेसिबलचा आकडा लिहिलात तर एकाच फोनने, एकाच जागेवरून घेतलेल्या आकड्यांची आपसांत तुलना करा. दुसऱ्याच्या फोनशी तुलना करू नका, माइक वेगळे असतात. निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा पूर्ण झाल्याशिवाय "वाढली" किंवा "कमी झाली" असं म्हणू नका. तुलना करताना मागच्या जानेवारीची या जानेवारीशी करा, जुलैशी नव्हे, आणि दोन्ही वेळी वारा पूर्वेचा होता तेच दिवस घ्या.

एखादं विमान फार खालून गेलं असं वाटलं तर नियम असा आहे: दाट वस्तीवर, ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान १,००० फूट वर, इतरत्र जमिनीपासून ५०० फूट. उतरताना आणि उडताना मात्र हा नियम लागू नसतो. म्हणून आधी नकाशावरची रेघ आणि त्या वेळचा वारा पाहा. विमान रेघेपासून दूर असेल, उतरत-चढत नसेल आणि वजाबाकी करूनही उंची कमीच भरत असेल, तर विमानतळ संचालकांच्या कार्यालयाला लेखी कळवा. अर्जात भारतीय वेळ सेकंदापर्यंत, ठिकाण, दिशा, ॲपवरची उंची, त्या वेळचा दाब आणि विमानाची ओळख लिहा. त्या मिनिटाचा मेटार सोबत जोडा.